गांजावरील कर आणि गांजाबंदी : एका जुन्या चौकशीची हकीकत

राज्यकारभार म्हटला म्हणजे खजिना आला, आणि खजिना आला म्हणजे कर आला. मिठावर किंवा कापडावर कर बसविला म्हणजे लोक कुरकुरतात. पण मादक पदार्थावर कर बसविला तर सज्जन लोक त्याचें बहुधा स्वागतच करितात. व्यसनी माणसाचा पैसा लोकोपयोगी कामीं लागतो, आणि पदार्थ महाग झाल्यामुळें व्यसनहि आटोक्यांत राहतें, अशी त्यांची समजूत असते. परंतु ज्या व्यसनापासून सरकारास उत्पन्न मिळतें तें व्यसन सरकार मनापासून कमी करील काय, हा प्रश्न उरतोच. उलट, तें कायद्यानें साफ बंद केलें तर खरोखर बंद होतें काय, हा प्रश्नहि तितकाच बिकट आहे. आज अनेक देशांत गांजा कायदेशीर करावा कीं करूं नये यावर मोठा वाद चालला आहे. त्या वादांतील बहुतेक सर्व मुद्दे सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांत एका चौकशी-कमिशनपुढें येऊन गेले होते. त्या चौकशीची हकीकत श्रोत्यांस उद्बोधक वाटेल.

प्रथम वस्तूची ओळख असावी. भांग, गांजा आणि चरस हीं एकाच झाडाचीं तीन रूपें होत. पानें वाटून प्यावयाची ती भांग. मादी झाडाचे चिकट फुलोरे वाळवून चिलमींत ओढावयाचे तो गांजा. आणि त्याच झाडाची राळ म्हणजे चरस. गांजा चांगला उतरावयाचा असेल तर शेतांतील नर झाडें वेळींच उपटून टाकावीं लागतात, नाहीं तर फुलोऱ्यांत बी धरतें आणि मालाचा कस जातो. बंगालमध्यें नर झाड नेमकें ओळखणारे कसबी लोक होते. त्यांस परखदार म्हणत. अशा कसबानें आणि मोठ्या मेहनतीनें होणारें हें पीक असल्यामुळें त्यावर नजर ठेवणें सरकारास फारसें अवघड नव्हतें.

ईस्ट इंडिया कंपनीनें बंगालमध्यें मादक पदार्थांवर कर बसविण्यास १७९० सालीं प्रारंभ केला, आणि १७९३ च्या कायद्यानें विक्रीस परवाना लागूं लागला. १८५३ सालीं वखारींतून बाहेर पडणाऱ्या गांजावर शेरामागें एक रुपया ठराविक कर बसला, आणि पुढें तो वेळोवेळीं चढत गेला. राजशाही जिल्ह्यांतील नौगांवच्या आसपासचा मुलूख ‘गांजा महाल’ म्हणून प्रसिद्ध होता. १८७७ सालीं हेमचंद्र कर या बंगाली अधिकाऱ्यानें तेथील लागवडीचा व व्यापाराचा सविस्तर अहवाल सरकारास सादर केला. तेथील व्यवस्था थोडक्यांत अशी : शेतकऱ्यानें परवाना घेऊन ठराविक मुलखांतच पीक काढावें, उभ्या पिकाचा अंदाज सरकारी कामगारानें घ्यावा, तयार माल सरकारच्या नजरेखालील वखारींत ठेवावा, परवानेदार व्यापाऱ्यानें कर भरून, पास घेऊन तो बाहेर न्यावा, आणि किरकोळ दुकानाचा मक्ता लिलावानें द्यावा. शेतापासून चिलमीपर्यंत मालाची वाट अशी आंखून दिलेली होती. तिकडे मध्यप्रांतांत खांडवा येथें अशीच एकवटलेली लागवड होती.

आपल्या मुंबई इलाख्यांत गांजाच्या लागवडीचें मुख्य ठिकाण अहमदनगर जिल्हा हें होतें. त्यासच आतां अहिल्यानगर म्हणतात. इलाख्याची सर्व अबकारी १८७८ च्या कायद्याखालीं चाले. गांजा ओढणाऱ्यांत गोसावी, बैरागी, फकीर यांचा भरणा असे. त्याचप्रमाणें उन्हातान्हांत राबणारे मजूरहि असत. प्रतिष्ठित समाजांत मात्र ‘गंजेटी’ हा शब्द शिवीप्रमाणें वापरला जाई. देवाच्या नांवानें पूज्य आणि समाजाच्या दृष्टीनें निंद्य, अशी या वस्तूची दुहेरी स्थिति होती, आणि सरकारास तीच अडचणीची झाली.

ती अडचण चव्हाट्यावर आली ती विलायतेंत. मद्यपाननिषेधाच्या चळवळीचे पुढारी विल्यम केन यांनीं २ मार्च १८९३ रोजीं पार्लमेंटमध्यें प्रश्न विचारून बंगालमधील गांजाच्या लागवडीची व तिच्या नैतिक परिणामांची चौकशी करण्याची मागणी केली. अफूच्या व्यापारावरून त्या काळीं सरकारवर टीकेचा भडिमार चाललाच होता. ‘हिंदुस्थान सरकार रयतेस विष विकून पैसा करितें’ असा या टीकेचा मथितार्थ होता. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांनीं चौकशी मान्य केली, ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यांत आली, आणि ३ जुलै १८९३ रोजीं कमिशन नेमलें गेलें. पंजाबचे फायनान्शियल कमिशनर मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष झाले. मुंबई इलाख्यांतून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी आले. फ्रेझर हे मध्यप्रांताचे अधिकारी व वॉर्डन हे कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कपुरथळ्याच्या घराण्यांतील कुंवर हरनामसिंग आणि मुझफरनगरचे लाला निहालचंद हे तीन हिंदी सभासद होते.

कमिशननें ११९३ साक्षीदारांचे जबाब घेतले. त्यांत कलेक्टर होते, डॉक्टर होते, मिशनरी होते, शेतकरी होते आणि गांजा ओढणारे लोकहि होते. मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनीं या झाडाविषयीं हिंदु लोकांच्या धर्मभावना काय आहेत यावर एक टिपण पाठविलें. पण सर्वांत बोधप्रद भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयींचा आहे. ‘गांजानें माणूस वेडा होतो’ हें जनतेंत आणि सरकारी अहवालांतहि गृहीत धरलेलें होतें, आणि त्यास आधार म्हणून या इस्पितळांचे आंकडे पुढें करीत. १८९२ सालीं दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण गांजा, भांग किंवा चरस असें नोंदलेलें होतें.

कमिशननें हे आंकडे मान्य करून पुढें जाण्याऐवजीं त्यांच्या मुळाशीं जाण्याचें ठरविलें. त्यांनीं या २२२ नोंदी एकेक करून तपासविल्या. रोग्याच्या गांवीं चौकशी झाली, नातेवाइकांचे जबाब झाले. तेव्हां असें दिसून आलें कीं, रोग्याबरोबर येणाऱ्या कागदांत ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे व तो बहुधा पोलिसांकडून भरला जाई. रोगी गांजा ओढीत होता एवढें कळलें, किंवा नुसता संशय आला, तरी त्या रकान्यांत ‘गांजा’ हा शब्द पडे. इस्पितळाचा डॉक्टर तोच शब्द आपल्या नोंदवहींत उतरून घेई, नोंदवहींतून तो वार्षिक अहवालांत जाई, आणि अहवालांत छापला गेला म्हणजे तें शास्त्रीय सत्य ठरे! फेरतपासणीनंतर २२२ पैकीं अवघ्या ९८ जणांच्या बाबतींत हें कारण संभवनीय ठरलें. आणि त्यांतहि ३७ जणांस दुसरीं कारणेंहि होतीं. एका रकान्यांतील एका शब्दावर हजारों लोकांविषयींचें धोरण ठरूं पाहत होतें, ही गोष्ट कोणत्याहि काळच्या राज्यकर्त्यांनीं ध्यानांत ठेवावी अशी आहे.

१८९४ च्या ऑगस्टमध्यें अहवाल पुरा झाला; तो सात खंडांत छापला गेला. माफक सेवनापासून सामान्यतः म्हणण्यासारखी इजा होत नाहीं, अति सेवनापासून मात्र शरीरास, मनास व नीतीस अपाय होतो, आणि माफक सेवन करणारांचीच संख्या मोठी आहे, असा बहुमताचा निर्णय झाला. संपूर्ण बंदी आवश्यक नाहीं आणि इष्टहि नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें. बंदीविरुद्ध त्यांची कारणें व्यवहाराचीं होतीं. हिमालयाच्या पायथ्याशीं हें झाड रानोमाळ आपोआप उगवतें. तें उपटणार कोण? बंदी अमलांत आणण्यासाठीं पोलिसांस घरोघर शिरावें लागेल आणि छळाचें एक नवें साधन त्यांच्या हातीं येईल. साधूबैराग्यांचा रोष होईल तो वेगळाच. शिवाय गांजा बंद झाल्यास लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या जास्त घातक पदार्थाकडे वळतील. ब्रह्मदेशांत बंदी असूनहि गांजा चोरून जातच होता.

म्हणून त्यांनीं चार उपाय सुचविले. पुरेसा कर बसवावा, व तो मालावरील कर आणि दुकानाचा लिलाव या दोहोंच्या मेळानें घ्यावा. परवान्यावांचून लागवड होऊं देऊं नये आणि ती थोड्या ठिकाणीं एकवटावी. दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी. आणि एका माणसानें जवळ किती माल बाळगावा यास मर्यादा घालावी. कराच्या बाबतींत एक इशाराहि होता. कर इतका जड असूं नये कीं चोरट्या व्यापारास ऊत यावा, किंवा गिऱ्हाइकानें अधिक वाईट वस्तूकडे वळावें.

हा निर्णय एकमतानें झाला नाहीं. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनीं आपलीं भिन्नमतपत्रिका जोडली. येथें एक गोष्ट मोकळेपणानें मान्य केली पाहिजे. चौकशी करणारें सरकार आणि कर घेणारें सरकार एकच होतें. आणि ज्या निर्णयानें खजिन्यास धक्का लागत नाहीं तो निर्णय त्या सरकारास गोड लागणें स्वाभाविक होतें. परंतु तेवढ्यानें अहवाल खोटा ठरत नाहीं. त्याचे पुरावे त्यानें उघड्यावर मांडले, विरोधी मतें त्याच पुस्तकांत छापलीं, आणि पुढच्यांस तपासण्याची सोय करून ठेवली. सरकारच्या हितसंबंधावर उपाय हाच.

या व्यवस्थेचें एक फळ शेतकऱ्यांच्याहि पदरांत पडलें. १९१७ सालीं नौगांव येथें गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. मालाच्या विक्रीची सूत्रें मध्यस्थांच्या हातून तिच्याकडे आलीं, आणि नफ्यांतून तिनें शाळा व दवाखाने चालविले. १९४७ च्या फाळणीनें नौगांव पूर्व पाकिस्तानांत गेलें, पुढें तें बांगलादेशांत आलें, आणि १९८७ सालीं तेथील गांजाची लागवड बंद करण्यांत आली.

ती बंद होण्याचें कारण नौगांवांत नव्हतें. तें जगाच्या राजकारणांत होतें. जिनीव्हा येथील परिषदेंत ईजिप्तच्या प्रतिनिधीनें गांजाचा प्रश्न आग्रहानें मांडला, आणि १९२५ च्या करारांत या वस्तूच्या देशोदेशींच्या व्यापारावर निर्बंध आले. अमेरिकेनें १९३७ सालीं एक चमत्कारिक कर बसविला : नोंदणी केलेल्या माणसास औंसामागें एक डॉलर, आणि नोंदणी नसलेल्यास औंसामागें शंभर डॉलर! हा कर उत्पन्नासाठीं नव्हताच. कराच्या नांवाखालीं ती बंदी होती. पुढें १९६९ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें त्या कायद्याचा पाया उखडला. पण पुढच्याच सालीं नव्या कायद्यानें उघड बंदी आली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाचें औषधाव्यतिरिक्त सेवन पंचवीस वर्षांत संपवावें असें ठरविलें. भांगेचीं नुसतीं पानें मात्र व्याख्येबाहेर राहिलीं.

आपल्याकडे मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें दारूबरोबर गांजा, भांग हे पदार्थहि आपल्या कक्षेंत घेतले होते. १९८५ सालीं भारताच्या संसदेनें मादक पदार्थांविषयींचा कडक कायदा केला, आणि परवान्याच्या दुकानांतील गांजाचा काळ संपला. फुलोरे न लागलेलीं पानें मात्र या कायद्यांतहि वगळलेलीं आहेत. म्हणून उत्तर प्रदेश व राजस्थान येथें भांगेचीं परवानेदार दुकानें अद्यापि दिसतात. २००१ च्या दुरुस्तीनें शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणें ठरूं लागली. एक किलोपर्यंतचा गांजा अल्प समजतात; वीस किलोंच्यावर गेल्यास दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. ज्या झाडावर पूर्वीं वखारवाल्याची नजर होती त्यावर आतां फौजदाराची नजर आहे.

इकडे ही बंदी पक्की होत असतां तिकडे वारें फिरलें. उरुग्वेनें २०१३ सालीं गांजाचा व्यापार कायद्याखालीं आणला, आणि २०१७ पासून तो औषधांच्या दुकानांत मिळूं लागला. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत २०१४ च्या पहिल्या तारखेस दुकानें उघडलीं. तेथील घाऊक मालावरील १५ टक्के कराचा पैसा शाळांच्या इमारतींस दिला गेला. कॅनडानें १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री मोकळी केली, आणि ग्रॅममागें एक डॉलर किंवा किंमतीच्या १० टक्के, यांतील जी रक्कम जास्त ती कर म्हणून ठेविली. पुढें मालाचे भाव उतरले, कर मात्र तेवढाच राहिला, आणि उत्पादक तक्रार करूं लागले. कराच्या वजनाविषयीं १८९४ सालीं जी काळजी व्यक्त झाली होती ती अशी पुन्हां उपस्थित झाली. थायलंडनें २०२२ सालीं बंदी उठविली, पण विक्रीचे नीट नियम आधीं केले नाहींत. दुकानें भराभर निघालीं, आणि २०२५ सालीं डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. नियमांवांचून दिलेली मोकळीक फार काळ टिकत नाहीं, हा त्याचा अर्थ.

डिसेंबर २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थांविषयींच्या मंडळानें गांजास अत्यंत घातक पदार्थांच्या यादींतून २७ विरुद्ध २५ मतांनीं काढलें. भारताचें मत त्या २७ मतांत होतें. म्हणजे हा प्रश्न आपल्या देशापुढेंहि आज ना उद्यां येणारच. तो येईल तेव्हां एका बाजूस उत्पन्नाचे आंकडे मांडले जातील आणि दुसऱ्या बाजूस वेडाचे व गुन्ह्यांचे. ते आंकडे कोणीं भरले, कोणत्या रकान्यांतून ते आले, आणि ते भरणाऱ्याचा त्यांत काय फायदा होता, हें विचारल्यावांचून यांपैकीं कोणत्याहि पक्षाचें म्हणणें मान्य करूं नये. १८९३ च्या कमिशनचा निर्णय आज जसाच्या तसा लागू पडेलच असें नाहीं. काळ बदलला, मालहि अधिक तीव्र झाला. पण त्या २२२ माणसांच्या घरोघर जाऊन त्यांनीं जी तपासणी करविली, ती करण्याची तयारी मात्र दोन्ही पक्षांनीं ठेवली पाहिजे.