कुणाची तारीख, कुणाची अमावास्या

आमच्या आजोळी, रेवसच्या बाजूला, गटारी अमावास्येच्या दिवशी मुंबईची बोट कुणी धरत नसे. कारण विचारलं की आजी एवढंच म्हणायची, "त्या दिशी रामदास बुडली." शाळेच्या पुस्तकात रामदास म्हणजे समर्थ. आजीची रामदास आगबोट होती.

17 जुलै 1947 रोजी सकाळी आठच्या सुमारास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी चाललेले चाकरमानी, मासळी विकून परतणाऱ्या कोळणी, बायकापोरं मिळून सातशेच्या आसपास माणसं. काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसात ती कलंडली. सहाशेहून अधिक जण गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. आजी सांगायची ते मात्र वाचलेल्यांचं. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी सगळा माल दर्यात ओतला आणि होड्या माणसांनी भरून आणल्या. गेलेल्यांचा विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची.

आईचे मामा मुंबईत गोदी कामगार. त्यांची गोष्ट 14 एप्रिल 1944 ची. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, सुमारे 1400 टन दारूगोळा होता आणि सोनंही होतं. दुपारी आग लागली, मग दोन स्फोट झाले, गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. मामा सुरुवात करायचे ती सोन्यापासून: कुणाच्या तरी घरात छप्पर फोडून सोन्याची वीट पडली! माणसं नंतर यायची, तीही आम्ही खोदून विचारलं तर.

ही बातमी तेव्हा सरकारनं दाबलेली. महायुद्ध चालू होतं, सेन्सॉरची कात्री होती, सविस्तर वृत्तांत बाहेर यायला काही आठवडे गेले. तरी आज त्या तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, सप्ताह 20 एप्रिलपर्यंत चालतो, आग विझवताना गेलेल्या 66 जवानांना मानवंदना मिळते. ती मिळायलाच हवी. पण त्याच दिवशी त्याच धक्क्यावर शेकडो हमाल, खलाशी आणि आसपासचे रहिवासीही मेले. दिवस तोच असला तरी त्यांच्या नावाचा नाही.

अग्निशमन दलाला गणवेश होता, हजेरीपट होता, दरवर्षी परिपत्रक काढणारं कार्यालय होतं. रामदासवरच्या माणसांचं नातं फक्त एका तिकिटापुरतं. त्यांची घरं खाडीकाठच्या गावागावांत विखुरलेली, एकत्र बसून रडायलाही जागा नाही. शिवाय चारच आठवड्यांत 15 ऑगस्ट उजाडला. फाळणीतल्या लाखोंच्या मरणालाही सरकारी दिवस मिळायला 2021 साल उजाडावं लागलं. तोवर ते दुःख घराघरांत होतं, निर्वासितांच्या वसाहतींत होतं. सरकार एखादी आठवण उचलतं तेव्हा ती कशासाठी उचलायची, हेही तेच ठरवतं.

घरंही निवडतातच. मामांनी सोनं ठेवलं, आजीनं कोळ्यांच्या होड्या ठेवल्या. ज्या आठवणीसकट माणसाला उद्या सकाळी कामावर जाता येतं, ती टिकते. उरलेली नियमांत मुरते. रामदासनंतर पावसाळी प्रवासी वाहतुकीवर बंधनं आली. आजही गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात आणि प्रवासी त्यावर कुरकुरतात.

आजीकडे तारीख नव्हती, अमावास्या होती. तिथी दरवर्षी सरकते, सरकारी दिनदर्शिकेत तिला ठरलेला चौकोन मिळत नाही. ती जपणारी माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. त्यांना किती बुडाले, असं विचारू नये. आकडे कागदात मिळतात. त्या दिवशी कोण घरी आलं नाही, हे नावानिशी विचारावं आणि लिहून घ्यावं. आजीला आम्ही ते विचारलं नाही.