एका जुन्या सायकलीचा कालनिर्णय व जीर्णोद्धार

या त्रैमासिकांत ताम्रपट, बखरी, शकावल्या, दप्तरांतील रुमाल व पोथ्या यांविषयींचे लेख येत असतात. अशा ठिकाणीं सायकलीच्या सुट्या भागांविषयीं लिहिणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु साधन कोणतें यापेक्षां त्या साधनास प्रश्न कसे विचारावे, हा विषय आपणां सर्वांचा समाईक आहे. शिवाय गेल्या वर्षीं एक जुनी सायकल दुरुस्त करीत असतां प्रस्तुत लेखकाच्या हातून जी चूक घडली, ती पोथ्यांचा संग्रह करणारांच्या हातूनहि वारंवार घडते. म्हणून ती हकीकत साद्यंत देत आहें.

शाळेंतील संस्कृताच्या अध्यापनांतून निवृत्त झाल्यावर मीं घराच्या मागल्या पडवींत एक लहानसा कारखाना मांडला. एक व्हाइस, चार-पांच कानशी, पाने, पक्कड, आट्यांचें माप घेण्याची दांतेरी पट्टी, रॉकेलचें भांडें व जुन्या सुट्या भागांचे डबे एवढाच त्याचा सरंजाम. एका दिवंगत सहशिक्षकांच्या चिरंजीवांनीं माळ्यावर पडलेली वडिलांची सायकल तेथें आणून दिली. घराण्यांतील समज असा कीं, वडिलांनीं ती १९४२ च्या आधीं मुंबईस घेतली व त्या सालच्या चळवळींत तिच्यावरूनच पत्रकें पोंचविलीं. चिरंजीवांच्या इच्छा दोन होत्या. सायकल चालती व्हावी, ही एक; आणि तिच्या दांडीवर हा इतिहास कोरलेली पितळी पट्टी बसवावी, ही दुसरी. पट्टीचा मजकूर त्यांनीं लिहूनहि आणला होता.

सायकल नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याची, याविषयीं संशय नव्हता. पुढील मुद्रेवर त्या कारखान्याचें बगळ्याच्या मस्तकाचें चिन्ह होतें व पायट्याच्या दांतेरी चाकांतहि बगळ्यांच्या आकृती कापलेल्या होत्या. मागील चाकाची नाभि, जीस कारागीर हब म्हणतात, ती तीन गतींची होती. रॉकेलनें तीवरील कीट काढतांच स्टर्मे-आर्चर हें नांव, 'ए. डब्ल्यू.' हीं अक्षरें आणि त्यांखालीं ५२ व १० हे आंकडे दिसूं लागले. या जातीच्या हबांवर पहिले दोन आंकडे सालाचे व पुढील आंकडा महिन्याचा असतो. म्हणजे हा हब ऑक्टोबर १९५२ चा. पोथीच्या शेवटीं लेखकानें शक, मास व तिथि घालून पुष्पिका लिहावी, तशीच ही पोलादावरील पुष्पिका होय.

या हबाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तीन गतींच्या या हबाचीं पेटंटें १९०२ सालीं घेतलीं गेलीं व रॅलेचे चालक फ्रँक बोडन यांच्या पुढाकारानें १९०३ पासून त्याची विक्री सुरू झाली. हेन्री स्टर्मे व जेम्स आर्चर या दोघांचीं नांवें त्यास लागलीं. परंतु टोनी हॅडलंड यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, आर्चरच्या नांवें असलेली योजना मुळांत विल्यम रायली या कारागिराची होती. पूर्वीच्या करारानें त्याचे हात बांधलेले असल्यामुळें ती सहकाऱ्याच्या नांवें नोंदवावी लागली. ग्रंथ एकाचा व भणिता दुसऱ्याची, हा प्रकार आपल्या वाङ्मयांतहि अपरिचित नाहीं. ए. डब्ल्यू. ही जात १९३६ सालीं निघाली. नॉटिंगहॅमची ही कंपनी २००० सालीं बुडाल्यावर तिचें काम तैवानांत गेलें.

हबाच्या आंतील रचना ज्योतिषाच्या परिभाषेनें सुलभ होते. मधोमध वीस दांत्यांचें सूर्यचाक आंसास पक्कें खिळलेलें असतें. त्याभोंवतीं प्रत्येकीं वीस दांत्यांचीं चार ग्रहचाकें एका पिंजऱ्यांत फिरतात व त्यांस बाहेरून साठ दांत्यांचें कंकण वेढतें. साखळीनें पिंजरा फिरविला तर कंकण त्याच्या एकतृतीयांशानें अधिक फिरतें. ही उतारावरची जलद गति. साखळीनें कंकण फिरविलें व चाकानें पिंजऱ्यापासून गति घेतली, तर एकाचे पाऊण होतात, ही चढावरची. साखळीचा वेग जसाच्या तसा चाकास मिळतो ती मधली गति. मागें अडणाऱ्या खिट्या, ज्यांस कारागीर कुत्रे म्हणतात, त्या केसासारख्या बारीक तारेच्या स्प्रिंगांवर उठतात. म्हणून या हबांत पातळ तेल घालावयाचें असतें. त्यासाठीं पाठीवर झांकणाचें छिद्रच ठेवलेलें असतें. पूर्वीच्या कोणा दुरुस्ती करणारानें दाट ग्रीस ठासून भरलें होतें, त्यामुळें कुत्रे चिकटून बसले होते व चाक दोन्ही दिशांस नुसतें फिरत होतें. एकहि भाग झिजलेला नव्हता. सर्व भाग रॉकेलमध्यें धुऊन, तेल देऊन पुनः जुळवितांच तिन्ही गती लागूं लागल्या.

आतां मुख्य प्रश्न. सायकल १९४२ पूर्वींची म्हणावी, तर हबावर १९५२ हें साल. मीं आंकडे वाचले त्याच सायंकाळीं चिरंजीवांस बोलावून सांगितलें कीं, वडिलांची ही सायकल चळवळीनंतर दहा वर्षांनीं जन्मली. पट्टी कोरवूं नये. ते कांहीं बोलले नाहींत. खिशांतील मजकुराचा कागद त्यांनीं घडी घालून परत ठेवला व "तुम्हांला योग्य वाटेल तसें करा, सर," एवढें म्हणून ते गेले.

वस्तुतः मीं जें केलें तें विद्यार्थ्यानें केलें असतें, तर त्यास मीं उभा केला असता. पुस्तकाच्या एका पानावर शक आढळला म्हणून सबंध पुस्तक त्या शकाचें ठरत नाहीं. त्या पानाचें पुस्तकाशीं नातें काय, तें मूळचें कीं मागाहून घातलेलें, हें आधीं पाहावें लागतें. हबावरील आंकड्यांनीं एवढेंच सिद्ध होतें कीं, हें चाक ऑक्टोबर १९५२ पूर्वीं या सायकलीस लागलेलें नाहीं. सांगाड्याच्या वयाविषयीं ते आंकडे मुके आहेत. परंतु पुष्पिका सांपडल्याच्या आनंदांत हा विवेक मला राहिला नाहीं, आणि सायकल १९५२ ची ठरवून मीं रंगकामास लागलों.

सांगाड्याच्या वरच्या नळीवर गिअरच्या तारेसाठीं एक लहान पोलादी पट्टा आंवळलेला होता. तो काढून मीं त्याखालील गंज पॉलिश-कागदानें घासूं लागलों. नळीचा निम्मा घेर उघडा पोलाद झाल्यावर कागद बदलण्यासाठीं थांबलों, तेव्हां उरलेल्या भागावर सोनेरी रेघ दिसली. भिंग आणून पाहिलें. सर्वांत खालीं कारखान्याचा तुळतुळीत काळा रंग व त्यावर ती बारीक सोनेरी रेघ. तीवर कुंचल्यानें दिलेला जाड काळा रंग, ज्यांत केंसांचे ओरखडे स्पष्ट होते. आणि पट्ट्याच्या कडांचा वण फक्त या वरच्या रंगांत. खालचा थर अखंड. म्हणजे सायकल कारखान्यांतून निघाली तेव्हां हा पट्टा तिच्यावर नव्हता. ती वापरली गेली, तिचा रंग गेला, कोणीं तरी हातानें पुनः रंगविली, आणि त्यानंतर गिअर बसला.

हा निष्कर्ष एका पुराव्यावर ठेवणें धोक्याचें, म्हणून दुसरा शोधला. मागील आंस ज्या खांचांत बसतो तेथें दोन प्रकारचे वण होते. वरचा वण गिअरच्या दांतेरी वायसरांचा. त्याखालीं, त्याहून मोठ्या व गुळगुळीत वायसराचें गोल दाबचिन्ह. याच खांचांत पूर्वीं दुसरें, साधें चाक बसत होतें. दोन साक्षी परस्परांपासून स्वतंत्र आहेत व एकच गोष्ट सांगतात: सांगाडा चाकाहून जुना.

किती जुना, हें यावरून निघत नाहीं. १९४२ सालीं ही सायकल रस्त्यावर होती असें सिद्ध झालें नाहीं. नव्हती, हें माझें विधान मात्र निराधार ठरलें. आणि जो पुरावा मीं कागदानें घासून टाकला, त्या निम्म्या घेरावर आणखी काय होतें, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. शेकडों पोथ्यांच्या कडा बांधणीच्या सोयीसाठीं कापल्या गेल्या व समासांतील टिपा त्यांबरोबर गेल्या, याबद्दल मीं वर्गांत अनेक वर्षें हळहळ व्यक्त केली होती. तेंच कर्म मीं स्वतः, चांगल्या हेतूनें, पांच मिनिटांत केलें.

पुढील दुरुस्ती अर्थातच निराळ्या रीतीनें केली. पायट्याच्या आंसाचा डावा कप खराब होता. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें एकरूप मान सुचविलें, तरी सायकलींत तें एकरूपत्व पूर्णपणें कधींच आलें नाहीं. इंग्रजी पद्धतीच्या सायकलींत या कपास सामान्यतः इंचास २४ आटे असतात. रॅलेनें आपल्या सायकलींस २६ ठेवले. दोहोंचा व्यास जवळजवळ सारखा, त्यामुळें बाजारांतील २४ आट्यांचा कप दोन फेरे सुखानें जातो व मग अडतो. तेथें जोर केला कीं सांगाड्याचे आटे कापले जातात. पूर्वीच्या दुरुस्ती करणारानें असाच जोर केला होता. सुदैवानें तो लवकर थांबला. सोपा उपाय म्हणजे लेथवर नवे आटे पाडून घेणें. परंतु सांगाड्यांतील आटे हा मूळ पाठ. तो बाजारांत मिळणाऱ्या कपासाठीं बदलणें म्हणजे कठीण शब्द कळला नाहीं म्हणून सोपा शब्द घालणें होय. जुन्या बाजारांत तीन रविवार हिंडून, दांतेरी पट्टी लावून पाहात, २६ आट्यांचा एक कप मिळविला. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घट्ट होता, त्यास हात लावला नाहीं. आंस मात्र झिजला होता. तो नवा, देशी घातला. कारण आंस बदलल्यानें सांगाड्याचें कांहीं नष्ट होत नाहीं व उद्यां मूळचा मिळाल्यास हा काढतां येतो. दोन्ही कॉटर पिनांचा उतार कानशीनें सारखा करून त्या परस्परविरुद्ध दिशांनीं ठोकल्या, तेव्हां पायटे एका रेषेंत आले.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ सालीं तिचे प्रमुख संपादक झाले. त्या आवृत्तींत जो पाठ निःसंशय नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ असते. संपादक पाठ देतो, पण आपला संशयहि त्याबरोबरच देतो. जीर्णोद्धार करणारासहि हीच रीति घालून घेतां येईल. भाग सुटा करण्यापूर्वीं त्याचें चित्र व टिपण करावें. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी बांधून ठेवावा. नवीन भागावर न दिसेल अशा जागीं साल कोरावें, म्हणजे पुढच्या परीक्षकाची फसगत होणार नाहीं. मूळ भाग नव्याच्या मापास कापूं नये, नवा मूळाच्या मापास आणावा. आणि गंज वाढूं नये एवढें तेल देऊन, जुना रंग जसा असेल तसा राहूं द्यावा.

चिरंजीवांकडे मी पुनः गेलों व माझें पूर्वींचें विधान चुकीचें होतें हें त्यांस सांगितलें. घासलेली जागाहि दाखविली. ती मीं रंगविलेली नाहीं. तिच्यावर केवळ पातळ लाखेचा थर दिला आहे. पट्टी झाली आहे. तिच्यावर तीन ओळी आहेत: सांगाडा रॅले, मागील चाकाहून जुना, मागील चाक ऑक्टोबर १९५२ चें, १९४२ ची हकीकत घरांतील वडील माणसांनीं सांगितलेली. तिसऱ्या ओळीखालीं कोरणारानें, माझ्या विनंतीवरून, एक नागमोडी रेघ काढली आहे. ती कशाची, असें चिरंजीवांच्या मुलीनें विचारलें. तिच्या आजोबांची सायकल तिला चालवावयास दिली आहे. रेघेचा अर्थ तिला सविस्तर सांगितला आहे.