एक नाव, दोन पत्रे

१९४६ साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले आणि तेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सीमाभागातील जुन्या घरांना सांगावयास नको. त्यातील एक योगायोग मात्र सहसा ध्यानी येत नाही. संमेलनाध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक होते. आणि ज्या गावी ते आले, तेथे बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केलेले बेळगावचे स्वतंत्र 'तरुण भारत' होते. नाव एक, पत्रे दोन. छापील जगात त्यामुळे कोणाचे अडले नाही. मधले अंतरच दोहोंना वेगळे ठेवीत असे.

महाजालावर हे अंतर उरत नाही. तेथील यंत्रे परस्परांस अंकांनी ओळखतात. माणसाला ते अंक स्मरत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था आखली. अशा नावास 'डोमेन नेम' म्हणतात. त्याचा उलगडा शेवटाकडून करावा. 'डॉट कॉम', 'डॉट नेट', 'डॉट इन' हे जणू परगणे. त्यांच्या आधीचे नाव म्हणजे गाव. एका परगण्यात एका नावाचे गाव एकच. म्हणून बेळगावचे 'तरुण भारत' 'डॉट कॉम'वर, तर नागपूरचे 'डॉट नेट'वर.

या व्यवहारातील शब्द परके असले तरी रीत आपल्या ओळखीची आहे. 'रजिस्ट्री' म्हणजे परगण्याचे मूळ दप्तर. 'रजिस्ट्रार' म्हणजे तेथे नोंद करून देणारा. 'रजिस्ट्रंट' म्हणजे ज्याच्या नावे नोंद होते तो. हा नावाचा वतनदार नव्हे, खंडकरी होय. 'डॉट कॉम'ची मुदत एका वेळी फार तर दहा वर्षांची. नूतनीकरण हुकले तर काही काळ जादा पैसे भरून नाव सोडवून घेता येते. त्यानंतर ते कोणीही घ्यावे. दुसऱ्याच्या लौकिकावर डोळा ठेवून नाव अडवून बसणे, यास 'सायबरस्क्वॉटिंग' म्हणतात.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीत 'डॉट भारत' सुरू झाले. गंमत अशी, की 'तरुण' आणि 'भारत' यांमध्ये एक टिंब दिले की पत्राचे नावच पूर्ण पत्ता होते. आणि तोही एकालाच मिळू शकतो.

बेळगाव-निपाणीकडील आपल्या वाचनालयांनी व मंडळांनी आपले दप्तर जतन केले आहे. त्यांपैकी ज्यांचे संकेतस्थळ असेल, त्यांनी त्याची नोंद संस्थेच्या नावे आहे की ते तयार करून देणाऱ्याच्या, आणि मुदत केव्हा संपते, हे एकदा पाहून ठेवावे, एवढेच आम्ही सुचवितो.