सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दादर, माटुंगा, शीवकडच्या जमिनी लोकहिताच्या नावानं घेतल्या, प्लॉट पाडले. ट्रस्टवर गिरणीमालकांचा माणूस होता, चाळकऱ्यांचा नव्हता. १९३३ मध्ये ट्रस्ट म्युन्शिपाल्टीत मिळाला. पण तिथंही मत कर नि घरभाडं बघून. म्हणजे रस्ता झाडणारा मालकांत नाहीच! मताआधी संघटना आली : १९३५, बाबासाहेबांचा म्युनिसिपल कामगार संघ. सगळ्या प्रौढांना पालिकेचं मत मिळालं ते १९४८ साली. आणि मार्च २०२२ नंतर तीनहून अधिक वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, नुसता प्रशासक. मालकी सार्वजनिकच असावी, असं मी मानतो. पण हिशेब विचारायची सोय नसेल, तर ती आपली कशी?