क्रूझ कंट्रोल बिघडले? आधी ब्रेकचा दिवा तपासा

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूरला दोन वाटा फुटतात. एक कशेडीकडे जाते, दुसरी पूर्वेला वळून आंबेनळी घाटातून सुमारे ४० किलोमीटरवरील महाबळेश्वर गाठते. महाडपर्यंतच्या सपाट रस्त्यावर जुन्या मोटारीचे क्रूझ कंट्रोल वेग धरत नाही, असे लक्षात आले तरी बहुतेक चालक ते मनावर घेत नाहीत. पुढे घाटच आहे, तिथे या सोयीचा उपयोग काय, असा त्यांचा हिशेब असतो. घाटात ही यंत्रणा बंदच ठेवायची असते हे खरे. मात्र तिच्या बिघाडाचे मूळ पुष्कळदा ब्रेकच्या पेडलापाशी असते, आणि ते घाट लागण्यापूर्वीच शोधलेले बरे.

ठरावीक वेग आपोआप राखणाऱ्या या यंत्रणेचे पेटंट अमेरिकेतील अंध अभियंते राल्फ टीटर यांना १९५० मध्ये मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोटारींत ती प्रथम आली. रचना साधी आहे. वेग मोजणारा सेन्सर नियंत्रकाला माहिती देतो व नियंत्रक थ्रॉटल उघडतो किंवा मिटतो. जुन्या मोटारींत हे काम निर्वात दाबावर चालणारा पडदा आणि केबल करतात. नंतरच्या मोटारींत इंजिनाचा संगणकच ते करतो.

चालकाने ब्रेक दाबताच ही यंत्रणा सुटली पाहिजे. त्यासाठी पेडलाच्या वरच्या बाजूला बसवलेला छोटा स्विच तिला खबर देतो. बहुतेक मोटारींत मागचे ब्रेक लाइटही याच स्विचवर लागतात. स्विच झिजला किंवा जागेवरून सरकला, तर ब्रेक दाबलेलाच आहे अशी नियंत्रकाची समजूत होते आणि ‘सेट’चे बटण कितीही दाबले तरी वेग धरला जात नाही. काही मोटारींत पेडलाच्या पट्टीला स्विचसमोर रबराची किंवा प्लॅस्टिकची इवलीशी गुंडी असते. वयपरत्वे ती ठिसूळ होऊन तुटते, स्विचचा दांडा मोकळ्या छिद्रातून पुढे येतो आणि ब्रेक लाइट रात्रंदिवस जळत राहतात. चालकाच्या पायाशी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले, तर निदान तिथेच झाले. गुंडीची किंमत किरकोळ असते; तिच्यापायी नवा नियंत्रक गळ्यात मारून घेण्याचे कारण नाही.

याउलट ब्रेक लाइट लागतच नसतील, तर फ्यूज व दिवे पाहावेत. काही जुन्या मोटारींत नियंत्रक ब्रेकच्या दिव्यांची तारही तपासत असतो. अशा गाडीत दोन्ही दिवे गेले किंवा त्यांच्या जागी हौसेने एलईडी बसवले, तरी क्रूझ कंट्रोल रुसते.

ब्रेकचा स्विच ठीक निघाला तर पुढचा शोध सोपा आहे. गिअरच्या गाडीत क्लचच्या पेडलालाही असाच स्विच असतो. हॉर्नही वाजत नसेल आणि एअरबॅगचा दिवा पेटला असेल, तर स्टिअरिंगमधील गुंडाळीची तार तुटल्याचा संशय घ्यावा. एअरबॅगमुळे ते काम घरी करू नये. वेगाचा काटा नाचत असेल तर सेन्सर पाहावा. संगणक असलेल्या गाडीत स्कॅनरवर ‘पी०५७१’ हा संकेत आला, तर बोट पुन्हा ब्रेकच्या स्विचकडेच वळते. स्विचच्या तारा परस्पर जोडून ‘जुगाड’ करणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण मग ब्रेक दाबूनही यंत्रणा सुटणार नाही.

चढावर वेग गळत जाणे ही निर्वात दाबावर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल मोटारींची वेगळी तक्रार. थ्रॉटल अधिक उघडला की इंजिनातील निर्वात दाब घटतो; नळी तडकली असेल किंवा साठवण टाकीची झडप गळत असेल, तर पडदा ढिला पडतो. इंजिन सुरू असताना बॉनेटखाली ‘स्स’ असा आवाज येत असेल तर रबरी नळ्या आधी पाहाव्यात. केबल अडकत असेल तर ती बदलेपर्यंत यंत्रणा वापरू नये.

उतारावर प्रश्न निराळा. जुने क्रूझ कंट्रोल फार तर थ्रॉटल मिटते, ब्रेक लावत नाही. महाबळेश्वरची सुमारे १,३५० मीटरची उंची उतरताना गाडी ठरवलेला वेग सहज ओलांडते. तिथे खालचा गिअरच कामाचा. आंबेनळीत चूक सावरायला जागा नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली आणि एकच प्रवासी वाचला. त्या अपघाताचा या यंत्रणेशी संबंध नव्हता, पण घाट कसा आहे ते त्यावरून कळते. पावसाळ्यात धुके उतरले की मागच्या गाडीला पुढची गाडी दिसते ती दिव्यांमुळेच, आणि ती थांबते आहे हे कळते ते ब्रेक लाइटमुळे. ते सतत जळत असले, तरी हा इशारा मिळत नाहीच.

म्हणून पोलादपूरला चहासाठी थांबल्यावर एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने मागे उभे राहून दिवे लागतात आणि पाय काढताच विझतात का, ते पाहावे. चालक एकटाच असेल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करावी. तांबडा उजेड आरशात दिसतो.