लि-रा-मा दप्तराची कुळकथा

ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘लि-रा-मा’ नावाचा एक कागदपत्रसंग्रह आहे. हे नाव तीन आडनावांच्या आद्याक्षरांतून जुळलं: मॉन्ट्रियलचे लिकाचेफ, व्हँकुव्हरचे रागोझिन आणि हॅलिफॅक्सचे मॅथर्स. तिघेही कॅनडात रशियाच्या झारचे कॉन्सल होते.

मुत्सद्दी म्हटला की आपल्याला तह आणि खलिते आठवतात. या दप्तरात मात्र बहुतेक भरणा आहे तो पोटासाठी देश सोडलेल्या युक्रेनी, ज्यू, पोलिश, फिन माणसांच्या अर्जांचा. अर्जातले रकाने मराठी माणसाला न सांगता कळावेत असे: गुबेर्निया, उयेझ्द, वोलोस्त, गाव, म्हणजे प्रांत, जिल्हा, तालुका, गाव. पुढे धर्म, घरची माणसं, कॅनडात कधी उतरलात. अशा पासपोर्ट आणि ओळखपत्रांच्या फायली सुमारे 11,400 आहेत. माझ्या मते कॉन्सलची खरी कारकीर्द हीच.

1914 साली महायुद्ध पेटलं आणि या कागदांना एकदम वजन आलं. ऑस्ट्रियाचा प्रजाजन हा कॅनडाच्या लेखी शत्रू, रशियाचा मात्र दोस्त. ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या गॅलिशियातला युक्रेनी आणि सरहद्दीपलीकडचा, झारच्या मुलखातला युक्रेनी, दोघांची भाषा एकच. तरी एकाला छावणीची भीती, दुसरा मोकळा. त्या युद्धात कॅनडाने 8,579 जणांना स्थानबद्ध केलं, त्यांत युक्रेनी सर्वांत जास्त. आपण झारचेच प्रजाजन आहोत हे सिद्ध करायला कॉन्सलचा दाखला केवढा मोलाचा, हे वेगळं सांगायला नको.

1917 मध्ये झार गेला, मग बोल्शेविक आले, आणि कॉन्सलांना सरकारच उरलं नाही. तरी दप्तरातले कागद 1922 पर्यंतचे आहेत. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, पण पेशवे दप्तर पुण्यात राहिलं, तसंच हे. फरक एवढाच की हे कागद आधी अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होते आणि नंतर कॅनडाच्या हाती आले.

आज पणजोबांचं गाव शोधणारी कॅनडातली कुटुंबं हेच दप्तर चाळतात. शोधताना आडनावाच्या एकाच स्पेलिंगवर अडून बसू नये. रशियन लिपीतलं नाव रोमन लिपीत उतरवताना प्रत्येक कारकुनाने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलं आहे.