निद्रानाशाचा कोड कसा बदलत गेला?

झोप येत नाही म्हणून उपचार घेणाऱ्यांच्या विम्याच्या कागदांवर कधी ‘एफ ५१.०’ असा कोड असतो, तर कधी ‘जी ४७.०’. तक्रार एकच, मग कोड दोन का?

हे कोड ‘आयसीडी’ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले आहेत. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेली मूळ यादी होती फक्त मृत्यूच्या कारणांची. झोप न येणारा माणूस मात्र जिवंत असतो! पुढे १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहाव्या आवृत्तीत आजारांचाही समावेश झाला.

१९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीने निद्रानाश दोन प्रकरणांत विभागला. ‘एफ’ म्हणजे मानसिक विकार, ‘जी’ म्हणजे मज्जासंस्थेचे आजार. त्यामुळे कारण मनात की शरीरात, हे डॉक्टरांना आधीच ठरवावं लागे. नैराश्य किंवा सांधेदुखी असेल, तर ‘मूळ आजार बरा करा, झोप आपोआप येईल’ असा समज होता. पण अनेकांचा मूळ आजार आटोक्यात आला, तरी झोप परतली नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने म्हटलं, की कशामुळे काय झालं हे बहुतेक वेळा ठामपणे सांगता येत नाही. म्हणून ‘दुय्यम’ऐवजी ‘सहआजार’ म्हणा. अकराव्या आवृत्तीत झोपेच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण मिळालं. ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात दीर्घकालीन निद्रानाशाचा कोड आहे ‘७ए००’. झोपायला पुरेसा वेळ आणि शांतता असूनही आठवड्यातून अनेकदा झोप न लागणं किंवा मोडणं, हे किमान तीन महिने चालणं आणि त्याचा दिवसा त्रास होणं, हे त्याचे निकष.

अनेक ठिकाणी अजून दहावी आवृत्तीच वापरली जाते. म्हणून कागदावर ‘एफ’ दिसला, तर ‘मला वेडा ठरवलं’ असं समजू नका. आणि मधुमेह किंवा गुडघेदुखी दाखवायला गेलात, तरी झोपेची तक्रार वेगळी सांगा: कधीपासून, आठवड्यातून किती रात्री, दिवसा काय त्रास होतो. झोपेच्या गोळीआधी विचार आणि सवयी बदलणारी ‘सीबीटी-आय’ ही उपचारपद्धती आहे. तिच्याबद्दल जरूर विचारा.